तिसरा डबा

"बाबा, खरं सांग, तुला या डब्यांतला फरक खरंच ऐकू येतो, की नुसता भाव खातोस?"

हे विचारून दाखवायची पैज चष्मिष आणि लंबू या माझ्या दोन मैत्रिणींनी लावली होती. वर्षापूर्वी माझी हिंमत झाली नसती. पण शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून माझी जीभ जाम सुटली आहे.

बाबा जुनी ऑडिओ यंत्रं दुरुस्त करतो. त्याच्या खोलीत तीन जुने प्रीअॅम्प आहेत, म्हणजे रेकॉर्डवरचा मुंगीएवढा आवाज अॅम्प्लिफायरला झेपेल इतका वाढवणारे डबे. पहिल्याचा आवाज उबदार, गोधडीत शिरल्यासारखा. दुसऱ्याचा लख्ख, घासलेल्या भांड्यासारखा. तिसरा राखाडी. तो आई-बाबा दोघंच ऐकायचे, दार लावून.

"घे परीक्षा," बाबा हसला. "पहिला आणि दुसराच. तिसऱ्याला हात नाही."

मोठा आवाज कानाला उगाच छान वाटतो, म्हणून त्याने आधी मीटर लावून दोन्ही डब्यांचे आवाज सारखे केले. मग माझ्याकडे पाठ करून खुर्चीत बसला आणि डोळे मिटले. मी बटण फिरवायचं, त्याने बोटं वर करून नंबर सांगायचा.

सात वेळा लावलं, सातही वेळा बरोबर! मैत्रिणींसमोर माझं नाक कापलं जाणार होतं. रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावायला मी सुई उचलली आणि तेवढ्यात खोडी सुचली. बटण तिसऱ्यावर नेलं.

सुई अजून हवेतच होती. स्पीकरमधून आवाज आला.

"आई, बाबा, मी आत्याकडे राहायला जातेय."

माझा आवाज. 'जातेय'वर किंचित चिरकलेला. मी हे वाक्य आयुष्यात कधी बोलले नव्हते.

बाबाची तीन बोटं सवयीने वर गेली. मग त्याला कळलं आणि ती हळूच खाली आली.

"हे काय होतं?"

त्याच्या कानांच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या होत्या. टेबलावर त्याची वही होती. आवाजाची टिपणं असतील, असं मला नेहमी वाटायचं. मी उघडली. पानोपानी माझीच वाक्यं, तारखांसकट. वक्तृत्वाचं माझं अख्खं भाषण, स्पर्धेच्या तीन दिवस आधी. मी ते सोमवारी रात्री लिहिलं होतं. वहीत ते रविवारी होतं.

म्हणून स्पर्धेच्या दिवशी केक आधीच आणलेला होता. शाळेच्या खो-खो संघातून मला काढलं, तेव्हा आई जिन्यातच रुमाल घेऊन उभी होती. आईला माझ्या मनातलं कळतं, असं मी वर्गात मिरवायचे.

आई दारात आली होती.

"कधीपासून?"

"तू सातवीत होतीस तेव्हापासून," ती म्हणाली. "तुझ्याच काळजीपोटी गं, बाळा."

"हा डबा कधी चुकलाय?"

आईने नकारार्थी मान हलवली.

मी मनात पक्कं केलं, ते वाक्य बोलायचंच नाही. मेले तरी नाही.

तेवढ्यात आईच्या पायाशी माझी बॅग दिसली. भरलेली. साइडच्या खिशात माझा ब्रश, पुढे माझा निळा स्वेटर. शिबिराला जाताना भरते तशी, नीट घड्या घालून.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "आणि जाऊ नकोस, असं एकदाही म्हणावंसं वाटलं नाही?"

आई बॅगेची चेन लावत राहिली. ती आधीच लागलेली होती.

बाबा खुर्चीतच होता. माझ्याकडे पाठ. डोळे मिटलेले असणार.

मी तिन्ही डब्यांची वायर भिंतीतून उपटली. लाल दिवे विझले.

"आई, बाबा, मी आत्याकडे राहायला जातेय."

'जातेय'वर माझा आवाज चिरकला.

खुर्चीच्या पाठीमागून बाबाची तीन बोटं वर आली.