वरून फक्त रंग मार

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण माझ्या चुलत बहिणीला मी आजवर खोटं बोलताना पाहिलेलं नाही, आणि हे तिच्या वडिलांच्याच स्वयंपाकघरात घडलं. भर दुपारी. शनिवारी, साडेतीनच्या सुमारास.

आम्ही तिला ताई म्हणतो. ताई घरं रंगवते, वीस वर्षं झाली. कामाला वाघ आणि जिभेला धार.

काकू, म्हणजे ताईची आई, जाऊन आठ महिने झाले होते. ओट्यामागच्या टाइल्स बदला, असं तिनं सव्वीस वर्षं टुमणं लावलं होतं. तपकिरी फुलांच्या, तेलकट, अंधाऱ्या टाइल्स. काकांचं उत्तर ठरलेलं. "भिंत काय खायची आहे?"

आणि आता काकांनीच फोन केला.

"फोडाफोड नको. वरून फक्त रंग मार. आता रोज मलाच उभं राहावं लागतं गं तिथे. बघवत नाही."

आठ महिन्यांत बघवेना!

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती गेली. का, ते तिलाही सांगता येत नाही.

सोड्याच्या पाण्यानं तिनं टाइल्सचा तेलकटपणा काढला. पॉलिशपेपर मारला, पुसून कोरडं केलं आणि प्रायमरचा पहिला हात दिला. भिंत पांढरी झाली. बाप-लेक बाहेरच्या खोलीत चहा घेऊन बसले.

तेवढ्यात आतून आवाज आला...

खस्... खस्... खस्...

घासणीनं काहीतरी घासल्यासारखा.

घरात तिसरं कुणी नव्हतं.

ताई आत गेली. आवाज थांबला. शेगडीच्या बरोबर वर, उभ्या माणसाचे डोळे येतात त्या उंचीवर, एक टाइल स्वच्छ निघाली होती. तपकिरी फूल लखलखत होतं. ओट्यावर ना पाणी, ना पांढरा कण.

घासणी कोरडी ठणठणीत.

तिनं पुन्हा हात दिला. वळून ब्रश धुतला, तेवढाच काय तो वेळ... मागे बघते तर सहा टाइल्स उघड्या.

काका दारात उभे. "हे तुझेच उद्योग! आईचा राग माझ्यावर काढतेस?"

"काढायचा आहेच!" ताई कडाडली. "तिनं एक भिंत मागितली होती, बाबा. एक भिंत! तुम्ही थट्टा केलीत. चारचौघांत केलीत. पण याला मी बोटही लावलेलं नाही."

"दे इकडे तो ब्रश." काकांनी तो हिसकावला. "मेल्यावर तरी हट्ट सोड म्हणावं तिला!"

ताई पाय आपटत बाहेर गेली.

घासण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला... आता जोरात. दातओठ खाऊन कुणी घासावं तसा.

मग एकदम शांत.

मग काकांची हाक. "पोरी..."

ताई आत गेली तेव्हा काका शेगडीसमोर उभे होते. तोंड भिंतीकडे. ब्रश कोरडा. भिंतीवर रंगाचा ठिपकाही उरला नव्हता.

"पाय उचलत नाहीत गं," काका पुटपुटले. मान वळवली नाही. "किती वर्षं झाली?"

चार मिनिटं झाली होती. चहा अजून कोमट होता.

तिनं त्यांना ओढत बाहेर आणलं, चपला काढल्या. घोटे टम्म सुजलेले. टाचांना खोल भेगा. डॉक्टर म्हणाले, असे पाय वर्षानुवर्षं उभ्यानं काम करणाऱ्यांचे होतात. काकांची तर सगळी नोकरी खुर्चीत बसून झालेली.

आता ते धाकट्या मुलाकडे असतात. तिथल्याही स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. पाण्यालासुद्धा हाक मारतात.

ताईचा राग अजून गेलेला नाही. आणि एक गोष्ट तिनं फक्त मला सांगितली आहे.

काकांनी एकदा नाही, तीनदा हाक मारली होती. पहिली तिनं स्पष्ट ऐकली. दुसरी तर रडवेली होती. ती खुर्चीत बसून राहिली. चहा पीत.

मी म्हटलं, "ताई, तुलाही कुणीतरी धरून ठेवलं असेल."

"तेच तर," ती म्हणाली. "कुणीही धरलं नव्हतं."