लेणी : ‘अलंकार’ पाहा

तिने ग्रंथालयातल्या कार्डसूचीचा खण ओढला आणि तो सगळाच्या सगळा तिच्या हातात आला. दोनेकशे कार्डं फरशीवर पसरली. त्यातली बरीचशी समोर उभ्या असलेल्या ग्रंथपालाच्या बुटांवर.

“कार्डं ओवून ठेवणारी सळई मीच काढली होती, परत घालायची राहिली,” तो म्हणाला. “म्हणजे खापर तुमच्यावर फोडता येणार नाही.”

“खापरांची सवय आहे मला,” गुडघ्यांवर बसत ती म्हणाली. “पुरातत्त्वातच आहे मी.”

तो सोमवार होता. शुक्रवारी तिला तिच्या सरांपुढे उभं राहायचं होतं. जुन्या कुंभारवस्तीतल्या गरीब बायकाही तीन पदरी माळा घालत, असं तिने प्रबंधात लिहिलं होतं. त्याचा पुरावा एका उत्खननाच्या अहवालात होता. अहवालाचा उल्लेख एका तळटिपेत सापडला होता… पण ना नाव, ना वर्ष. दीड वर्षात तिने अकरा ग्रंथालयं पालथी घातली होती. या ग्रंथालयातही ती चौथ्यांदा आली होती, पण आधीच्या तिन्ही वेळी हा ग्रंथपाल नेमका रजेवर. सर म्हणाले होते, “अहवाल दाखव, नाहीतर ते प्रकरण गाळ.”

‘अलंकार’चा खण पुन्हा लावायला दोघं एकाच टेबलावर बसले. अहवाल त्यात नव्हता. मग ‘मणी’ पाहिलं, ‘माती’ पाहिलं, ‘कुंभार’ पाहिलं. तो कार्ड वाचायचा, ती मान हलवायची.

वाचनालयात पेनाला बंदी होती. मंगळवारी तिच्या जागेवर टोक केलेली एक पेन्सिल होती. बुधवारी दोन.

“एवढं लिहायला काही सापडायला हवं ना,” ती म्हणाली.

“सापडेल म्हणूनच दोन.”

गुरुवारी दुपारी तिने हात टेकले. वही मिटली. “चला… प्रकरण गाळते. आईला मात्र उद्याचा केवढा उत्साह. सकाळीच फोन. सरांसमोर लंकेची पार्वती होऊन जाऊ नकोस म्हणे, अंगावर एखादं तरी लेणं असू दे.”

त्याचा हात थांबला. “काय म्हणाल्या आई?”

“लंकेची पार्वती.”

“त्याच्या पुढे.”

“एखादं तरी लेणं…”

तो उठला. खुर्ची मागे पडली, ती उचललीही नाही. ग्रंथपाल धावताना तिने पहिल्यांदाच पाहिला. ‘ल’चा खण उघडून तो भराभर कार्डं मागे टाकू लागला. डोंगरातली लेणी, समुद्राकाठची लेणी… आणि मध्येच एक कार्ड : ‘मातीची लेणी’.

“मातीचे दागिने,” ती पुटपुटली. मग दोघंही लोखंडी जिन्याने वर पळाले. गुहांच्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर, एक पातळ करडी पुस्तिका होती : तोच अहवाल. सत्ताविसाव्या पानावर मण्यांची चित्रं होती. प्रत्येक मण्याला तीन भोकं. खाली लिहिलं होतं, कुंभारवस्ती, घर नववं.

“तीन पदर!” ती म्हणाली आणि तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. सोडायचं तिच्या ध्यानात आलं नाही. त्यानेही आठवण केली नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, “एक सांगायचंय… कार्डावरचं अक्षर माझं आहे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यातलं. लेणी म्हटल्यावर गुहाच डोक्यात आल्या, आत उघडून पाहिलं नाही. तुमची दीड वर्षं माझ्यामुळे गेली.”

न सांगता चाललं असतं. कुणाला कळलंही नसतं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

“अहवाल बरोबर जागी असता,” ती हळूच म्हणाली, “तर मी इथे एकदाच आले असते. तेही तुम्ही रजेवर असताना.”

शुक्रवारी प्रकरण प्रबंधात राहिलं. सरांनी तीनदा चष्मा पुसला. ती तडक वाचनालयात आली, धापा टाकत. तो नवं कार्ड लिहीत होता : ‘लेणी (दागिने) : अलंकार पाहा’.

“हे कशाला?”

“चुकीच्या नावाखाली शोधणाऱ्याला बरोबर जागी पाठवायला.” त्याने मान वर केली नाही. “राहिलं ना प्रकरण? म्हणजे… आता तुमचं इथलं काम संपलं.”

तिने एक कोरं कार्ड ओढलं. आज जागेवर तीन पेन्सिली होत्या. त्यातली एक घेऊन तिने एकच ओळ लिहिली आणि कार्ड त्याच्यापुढे सरकवलं.

‘तुम्ही : तू पाहा’.

त्याने ते दोनदा वाचलं. कान लाल झाले. “हे… कुठल्या खणात लावायचं?”

“तूच ठरव.”

त्याने कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं, डाव्या बाजूला. मग शब्द पहिल्यांदाच उच्चारून पाहावा तसा म्हणाला, “तू… बस. मी खण बंद करून येतो.”

त्या घाईत सळई घालायची पुन्हा राहिली.