खबर देणाऱ्याचा अंगठा

मोबाईल उलटे ठेवा रे सगळ्यांनी. बंटी, तो टॉर्च पण बंद कर. लाइट यायची तेव्हा येईल, कोलशेतला अंधार काही नवा नाही. भुताची गोष्ट हवीय ना? मग माझ्या ओळखीतल्या माणसाची ऐका. शहाडच्या रतन शिदची. रिटायर झाल्यावर मी एका तालुक्याच्या कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचो. रतनचे सातही अर्ज माझ्या हातचे. तालुक्याचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

रतन टेम्पो चालवायचा. राहायला शहाडला, मूळ गाव आत डोंगराकडचा कुंभाळपाडा. त्याच्या जागृतीला बारावीनंतर सरकारी नर्सिंग कॉलेजात राखीव जागा मिळाली होती. घराण्यात पहिल्यांदा कोणाच्या अंगावर पांढरा युनिफॉर्म चढणार, म्हणून रतनने त्याचं कापडसुद्धा आधीच घेऊन ठेवलं होतं. अडलं होतं ते जात पडताळणीपाशी. समिती म्हणाली, पन्नास सालाच्या आधीचा पुरावा आणा. आता रतनचा आजा धाकू शाळेची पायरी चढलेला नाही, बाप गोमाही नाही. दाखला आणायचा कुठून? राहिलं एकच, कोतवाल बुक.

तुम्हाला ठाऊक नसेल. पूर्वी गावात मूल झालं की घरचं माणूस कोतवालाकडे जायचं, आणि कोणी वारलं तरी त्याच्याकडेच. तो वहीत लिहायचा. तारीख, नाव, जात, आणि शेवटच्या रकान्यात खबर देणाऱ्याचं नाव नि अंगठा. पुढे त्या वह्या तालुक्याला जमा झाल्या आणि लाल रुमालांत बांधून फळ्यांवर चढल्या. गोमाचा जन्म चव्वेचाळीसचा. म्हणजे कुंभाळपाड्याच्या रुमालात जातीसकट एक ओळ असणारच. तेवढी एक ओळ रतनला हवी होती.

दीड वर्षात त्याने सात हेलपाटे घातले. खिडकीवर सांगायचे, सगळं ऑनलाइन झालंय. ऑनलाइन बघावं तर तिथे यायचं, कार्यालयाशी संपर्क साधा. मग एकदा साहेब सुट्टीवर, एकदा सगळे निवडणुकीच्या कामाला. शेवटच्या तीन अर्जांवर एकच शेरा मारून मिळाला : नोंद सापडत नाही. रतन चिडायचासुद्धा नाही. कागद घडी करून खिशात घालायचा आणि मला म्हणायचा, "काका, परत एक लिहा ना."

साल दोन हजार तेवीस. ऑगस्टची चोवीस तारीख, गुरुवार. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला समितीची शेवटची सुनावणी होती. त्यानंतर जागा खालच्या नंबराला जाणार. रेकॉर्ड रूम सांभाळायला मंदाकिनीबाई होत्या. बाई वाईट नव्हत्या, पण सव्वाशे गावांना एकट्या. संध्याकाळी रतनचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "मी नियम मोडतेय हं. आत बस आणि तूच शोध. सुमित बाहेरून कुलूप लावील, नऊला येऊन उघडील." सुमित म्हणजे तिथला शिपाई.

निघताना मी रतनला बजावलं, "वही सापडली तर पेन लावायचा नाही. खूण नाही, रेघ नाही. समितीवाले भिंगाने बघतात. ताजी शाई दिसली की अख्खी वही बाद."

"येडा आहे का काका मी?" तो हसला. सहा वाजता कुलूप लागलं.

आतली गोष्ट मला रतननेच सांगितली. एक पिवळा बल्ब, छतापर्यंत फळ्या, वाळवीचा वास. तो रुमाल काढायचा, धूळ झटकायचा, गावाचं नाव बघायचा आणि पुन्हा गाठ मारायचा. पाठ मोडून आली. नऊ वाजले, सुमित काही आला नाही. साडेनऊ झाले. फोन लावला तर बंद. पावणेदहाला शेवटच्या फळीवरचा शेवटचा रुमाल झाला, आणि कुंभाळपाडा नव्हताच. रतन तिथेच फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. जागृतीला काय सांगायचं, कसं सांगायचं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

"कंचं गाव?"

मागच्या फळ्यांमध्ये एक म्हातारा उभा होता. खाकी सदरा, हातात काठी. कचेऱ्यांमधून अशी जुनी माणसं असतात बघा, नोकरी सुटली तरी पाय सुटत नाहीत. चहा पाजला की कुठला कागद कुठे आहे ते सांगतात. रतनला वाटलं, त्यांतलाच एक. मागच्या दाराने आला असेल.

"कुंभाळपाडा, बाबा."

म्हाताऱ्याने हात घातला आणि रुमाल काढला. ज्या फळीवर रतनने तीनदा बघितलं होतं, त्याच फळीवरून. गाठ सोडली. वही उघडली ती थेट हव्या त्या पानावरच.

नऊ मे एकोणीसशे चव्वेचाळीस. धाकू शिद यास मुलगा. पुढच्या रकान्यात जात, स्वच्छ अक्षरात. शेवटी धाकूचा अंगठा. आज्याचा अंगठा! रतनने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हाताऱ्याचे पायच धरले.

पाय गार होते. फरशीइतके गार.

"माझं येक काम हाये," म्हातारा म्हणाला. "या वहीत येक मयत लिवायची ऱ्हायली."

"कोणाची?"

"कोतवालाची."

रतनला आधी कळलंच नाही. "मग त्यानेच का नाही लिहिली?"



"आपली आपुन कशी लिवायची, पोरा? मयताची खबर दुसऱ्यानं द्यायची आसती. कोतवालच गेला, आन् लिवनारं कोन ऱ्हायलंच न्हाई."

...

बल्ब हलत नव्हता. वारा नव्हता. मागे दारही नव्हतं. रतनने आत्ता पाहिलं. तिथे नुसती भिंत होती.

"बाबा... सरकारी वही आहे. पेन लावता येत नाय."

म्हातारा रागावला नाही. त्याने वही मिटली. रुमालाचं एक टोक घेतलं. दुसरं घेतलं. पहिली गाठ मारली.

रतनला समजलं. ही गाठ बसली की हा रुमाल पुन्हा दिसणार नाही. ना त्याला, ना मंदाकिनीबाईंना. लिहिलं तर वही बाद. नाही लिहिलं तर वहीच नाही.

दुसरी गाठ.

"थांबा!"

लिहिलं तर वही निदान दिसेल तरी. एखादा साहेब दया करील. काय करणार हो, बापच तो. खिशातला निळा बॉलपेन त्याने काढला.

म्हातारा सांगत गेला. तो लिहीत गेला.

"नाव, धोंडीबा. कामधंदा, कोतवाल. कारन, ताप. तारीक, चोवीस आगष्ट."

"साल?"

"शेचाळीस."

हात थांबला... मग लिहिलं.

"खबर देनारा?"

रतनने पेन रकान्यावर टेकवला.

"खबर देनारा?"

रतन गोमा शिद. लिहिलं.

"आंगठा."

"सही करतो की."

"आंगठाच."

म्हाताऱ्याने त्याचा हात धरला. मनगटापर्यंत सगळं बधिर झालं. शाई कुठली, दौत कुठली, काही दिसलं नाही. फक्त अंगठा टेकला. दाबला गेला. बराच वेळ... दाबलेलाच राहिला.

मग कोणीतरी सुस्कारा सोडला. खूप वर्षांचा. रतनचा नव्हता.

सकाळी पावणेदहाला सुमितने दार उघडलं. रात्री त्याची बाईक बंद पडलेली, आणि मग तो घरी जाऊन झोपून गेलेला. रतन मांडीवर वही घेऊन बसला होता. मंदाकिनीबाई धावत आल्या, गोमाची नोंद बघितली आणि त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. "अरे सापडली रे! अकरापर्यंत नक्कल देते तुला." मला चहा आणायला पाठवलं त्यांनी. मी आणलासुद्धा.

पण नक्कल द्यायच्या आधी अख्खी वही तपासायची, खाडाखोड नाही असा शेरा मारायचा, ही रीत. बाई पानं उलटत गेल्या. रतन मान खाली घालून उभा होता. आता निळी शाई दिसणार, म्हणून.

निळी नव्हती. शेचाळीसचं पान मी पाहिलं. अक्षरं तपकिरी पडलेली, शाई कागदात मुरून कडेला चिरा गेलेल्या, बाकीच्या ओळींसारखीच. बाईंनी भिंग लावलं आणि म्हणाल्या, "जुनीच आहे." रतनने वर बघितलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी आशा पाहिली ती तेवढीच.

मग बाईंचं बोट शेवटच्या रकान्यावर गेलं. त्यांनी रतनचा अर्ज ओढला. नाव वाचलं. पुन्हा वही. पुन्हा अर्ज.

"रतन... ज्या वहीत तुझा बाप दोन वर्षांचा आहे, त्या वहीत तू मयताची खबर देतोयस?"

रतनने मान पुन्हा खाली घातली.  चहा गार झाला.

बाईंचाही इलाज नव्हता. नोकरी होती त्यांना. कुंभाळपाड्याची वही संशयित म्हणून सीलबंद झाली. तीन वाजले. जागृतीची जागा कोणा दुसरीला गेली. हल्ली ती माजिवड्याला एका कपड्याच्या दुकानात घड्या घालते. त्या पांढऱ्या कापडाचे तिच्या आईने उशांना अभ्रे शिवले. पुढे त्या पाड्यातली आणखी माणसं पुराव्याला आली, त्यांनाही ती वही मिळाली नाही. अजून नाही.

बनावट नोंदीची चौकशी लागली. ठसा जुळवून बघू म्हणून रतनच्या अंगठ्याला शाई लावून कागदावर टेकवला. नुसता डाग उमटला. परत टेकवला. परत डाग. मी स्वतः त्याचा हात धरून बघितला रे. चार बोटांवर रेषा आहेत, टेम्पोच्या स्टिअरिंगने झिजलेल्या, पण आहेत. अंगठा मात्र कोरा. नुकत्याच जन्मलेल्या पोराच्याही अंगठ्यावर रेषा असतात. याच्या नाहीत.

महिन्याच्या सुरुवातीला तो शहाडच्या रेशन दुकानावर रांगेत असतो. दुकानदार म्हणतो, अंगठा लावा. रतन लावतो. मशीनवर अक्षरं येतात : नोंद सापडत नाही. मग जागृती बापाचा हात बाजूला करते आणि स्वतःचा अंगठा ठेवते.