खुर्चीवरचं काळं कापड

बाळ पाळण्यात टेकत नव्हतं. म्हणून त्याला मांडीवर घेऊन मी बाहेरच्या पायरीवर बसले होते. नणंदेची दोन्ही मुलं मोठ्या मामांना बिलगली होती.

"खरी सांगा हं, रचलेली नको," थोरला म्हणाला.

"मला रचता येत असतं तर तुझ्या मामीपुढे कधीच कामाला आलं असतं," मामा म्हणाले आणि सांगू लागले.

माझा एक मित्र आहे. फोटोंना चौकटी करून देतो, म्हणून आम्ही त्याला चौकट्याच म्हणतो. खाली दुकान, वर माळ्यावर बिऱ्हाड. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, दुसरा शनिवार. त्याची बायको लेकीला घेऊन माहेरी गेली होती. परत कधी येणार, हे तो विचारत नव्हता आणि ती सांगत नव्हती.

दुपारी शाळेच्या बाई आल्या. शाळेच्या भिंतीवर लावायला त्यांनी गावातले शंभर वर्षांपूर्वीचे फोटो जमवले होते. विहिरीवर घागरी घेऊन ताठ उभ्या राहिलेल्या बायका. लोहाराचा भाता. खळ्यावरचे बैल. एका बैलाने ऐन वेळी मान हलवली होती, म्हणून त्याला दोन तोंडं आली होती. आणि शेवटी काळं कापड घातलेल्या उंच खुर्चीवर बसलेलं एक वर्षभराचं पोर.

"हे माझे आजोबा," बाई म्हणाल्या. "जपून करा. दुसरी प्रत नाही. उद्या सकाळी न्यायला येते."

"काय टक्क बघतोय हो," चौकट्या म्हणाला. "जसं काही मीच याचं खेळणं लपवलंय."

संध्याकाळी त्याने सगळे फोटो बसवले. पोराचा फोटोच तयार चौकटीत मावेना. दोन्ही बाजूंना नुसतं काळं कापड, त्याचं करायचं काय? त्याने पट्टी लावली, पातं फिरवलं. कापडाचे दोन तुकडे टोपलीत टाकले, पोर तेवढं ठेवलं. कामाच्या भाषेत साफ केलं. मग वर जाऊन सकाळचाच भात गरम करून खाल्ला.

रात्री साडेदहाला खालून रडणं ऐकू आलं.

"मांजर असेल," धाकटी म्हणाली.

त्यालाही तसंच वाटलं. पण मांजर मध्ये श्वास घ्यायला थांबत नाही. हुंदका देत नाही. तो खाली गेला, दिवा लावला. दुकानात कोणी नाही. टेबलावर तो फोटो. हातात घेतला, तर पोराचा चेहरा पुसट झालेला. त्या बैलासारखा. एक तोंड इकडे, एक तोंड तिकडे. हातांचा नुसता धूर...

चिकटवायची खळ लागली असेल म्हणून त्याने बोट फिरवलं. कागद कोरडा होता.

त्याने बाईंना फोन लावला. विचारलं एवढंच, की ती खुर्ची कसली होती?

"खुर्ची कुठली? ती माझी पणजी," बाई झोपेतच म्हणाल्या. "तेव्हा फोटो निघेपर्यंत हलायचं नसे. पोर एकटं बसेल का? मग आईने डोक्यावरून कापड घ्यायचं आणि मांडीवर घट्ट धरून बसायचं. पुढच्या साथीत गेली ती. तोंड दिसत नसलं, तरी तिचा तेवढाच फोटो आहे. का हो, काय झालं?"

"...काही नाही."

त्याने फोन ठेवला. आईच्या मांडीवरून पोर कापून घेतलं होतं त्याने.

तो टोपलीशी बसला. चाळली. उपडी केली. लाकडाचा भुसा, खिळे, काचेचे तुकडे.

पट्ट्या नव्हत्या.

आणि रडणं थांबलं.

एकदम.

तो हळूच वळला. टेबलावर फोटो नव्हता. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर, काचा झाकायचं त्याचं काळं कापड होतं. पसरलेलं नाही. उभं. खाली गुडघे असावेत तसं. वर डोकं असावं तसं... आणि ते किंचित हलत होतं. पुढे. मागे. पुढे. मागे.

आपण बाळाला घेऊन हलतो, तसं.

मामा थांबले. माझी मांडी हलत होती. मी ती धरून ठेवली.

"मग पळाला ना तो?" थोरल्याने विचारलं.

नाही. जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. "चुकलं माझं," एवढंच म्हणाला. "सकाळी जोडून देतो." कापड हलत राहिलं... त्याला कधी डोळा लागला ते कळलं नाही.

उजाडलं तेव्हा कापड खुर्चीवर निपचित पडलं होतं. त्यावर तो फोटो. दोन्ही पट्ट्या शेजारी. पोराचा चेहरा पुन्हा स्वच्छ. त्याने नीट न्याहाळलंही नाही. भराभर पट्ट्या जोडल्या आणि मोठी चौकट केली.

बाई आल्या. त्याने कापल्याचं कबूल केलं, जोड दाखवले. बाई रागावल्या नाहीत. जोडावरून बोट फिरवलं. मग चष्मा काढून फोटो अगदी डोळ्यांजवळ नेला.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "आजोबा जागे होते ना याच्यात?"

चौकट्याने वाकून पाहिलं.

पोराचे डोळे मिटले होते.