मेतकुटाच्या बरणीतली नथ

"नथ गेल्याचं दुःख आहेच, पण मी त्यासाठी आले नाहीये," वनिता म्हणाली आणि तिनं मोबाइल पुढे केला. "हे वाचा."

नीलांबरीनं वाचलं आणि मोबाइल वडिलांकडे सरकवला. ला पाझच्या हॉटेलचा मेल होता. तुमच्या तक्रारीनंतर खोली आवरणाऱ्या मार्लेनीला कामावरून काढण्यात आलं आहे, असं त्यात लिहिलं होतं.

"तिला दोन लहान मुलं आहेत. मी स्वतः नर्स, पण तिथल्या उंचीनं मलाच आडवं केलं. रोज सकाळी ती मला कोकाच्या पानांचा चहा आणून द्यायची. आणि तिच्याकडे बोट मीच दाखवलं." वनितानं मोबाइल परत घेतला. "तिनं घेतली नसेल तर?"

सुधाकरपंतांनी चष्मा पुसला. सांगलीच्या नगरपालिकेतून निवृत्त झाल्यापासून ते वर्षातले सहा महिने ऑकलंडजवळ टाकानिनीला लेकीकडे असत, आणि लेक पडली खासगी तपासनीस. चोर ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. ती आजवर एकदाही खरी ठरली नव्हती, हा भाग वेगळा.

"सुरुवातीपासून सांगा," नीलांबरी म्हणाली.

"लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून गेलो होतो. केबल कारमध्ये, मागे बर्फाचा डोंगर आणि नाकात सासूबाईंनी दिलेली नथ, असा फोटो मला हवा होता. आदल्या संध्याकाळी बॅग भरताना ती मी मेतकुटाच्या बरणीत पुरली. चोर मेतकुटात कशाला हात घालेल? माझा नवरा यशोधन, सासूबाई, नणंद गार्गी, सगळे तिथेच होते. हसले मला."

"मग?"

"पहिले दोन दिवस डोकं धरून पडलो. साडेतीन हजार मीटरच्या वर आहे ते शहर. चिवड्याच्या पिशव्या उशीसारख्या फुगलेल्या, शाम्पू उघडला तर अर्धा हातावर. तिसऱ्या दिवशी बाजार पाहिला, चंद्राची दरी पाहिली. चौथ्या दिवशी सकाळी बरणी काढली, झाकण फिरवलं, तर फस्सकन आतल्या प्लॅस्टिकच्या कागदासकट मेतकूट तोंडावर! शिंकून शिंकून बेजार झाले. मग बरणी पालथी केली. नथ नव्हती."

"त्याआधी बरणी उघडली होती?"

"तिथे जेवण कुणाला जात होतं?"

"आणि बॅगा?"

"ऑकलंडला दिल्या त्या थेट ला पाझला मिळाल्या."

रविवारी सकाळी बापलेक वनिताच्या घरी गेले. दार यशोधननं उघडलं, जरा नाखुशीनंच.

"बॅगेला कुलूप नव्हतं. ती बाई रोज दहाला खोलीत एकटी असायची," तो म्हणाला. "आणखी काय हवं? झालं ते झालं."

"त्या संध्याकाळी बॅग भरून झाल्यावर तुम्ही कुठे होता?"

"डेअरीवर दूध आणायला गेलो होतो. वनिता आंघोळीला. त्यात काय विशेष?"

सुधाकरपंतांनी लेकीला कोपरानं ढोसलं. प्रकरण लवकर मिटावं अशी घाई नवऱ्याला का, हे त्यांना उघड दिसत होतं.

यशोधनची बहीण गार्गी जवळच्या पुकेकोहेहून आली होती. ती फणकाऱ्यानं म्हणाली, "हो, मला आवडायची ती नथ. वहिनीकडे मागितलीही होती. आवडणं म्हणजे चोरी का? मी फक्त झिपच्या पिशव्यांत चिवडा भरून आणला आणि दुसऱ्या दिवशी यांना एअरपोर्टला सोडलं. दॅट्स इट."

सुधाकरपंतांचा संशय लगेच नवऱ्यावरून नणंदेवर सरकला.

यशोधनची आई, नीताबाई, ओट्याशी चहा करत होत्या. मुलाकडे येऊन त्यांना चार महिने झाले होते. त्यांनी साखरेची बरणी उघडली, झाकणाखालचा प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा जपून बाजूला ठेवला, साखर घातली, तुकडा परत बसवून झाकण घट्ट लावलं. चहाच्या डब्याचंही तसंच.

"माझ्या सासूबाईंची नथ ती," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "परदेशात नेऊ नकोस म्हटलं होतं. हल्ली कोण ऐकतं?"

वनिता बिस्किटं काढायला गेली. डब्यातून निघालेला प्लॅस्टिकचा तुकडा तिनं सरळ कचऱ्यात टाकला आणि नुसतंच झाकण लावलं. सासूसुनेचं मेतकूट फारसं जमत नसावं, असं सुधाकरपंतांच्या मनात आलं.

सगळे चहाला बसल्यावर नीलांबरीनं हॉटेलचा मेल मोठ्यानं वाचून मराठीत सांगितला. मार्लेनीच्या मुलांचंही सांगितलं. मग तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"मार्लेनीनं ती बरणी उघडलीच नव्हती," ती म्हणाली. "ला पाझला हवा विरळ. इथे बंद केलेली पिशवी तिथे फुगते, शाम्पू उसळतो. मेतकूटही उसळलं, म्हणजे बरणीत इथलीच हवा कोंडलेली होती. तिथे कुणी एकदा जरी झाकण उघडलं असतं, तर ती हवा तेव्हाच निघून गेली असती. चौथ्या दिवशी बरणी गुपचूप उघडली असती."

"म्हणजे नथ इथेच निघाली?" वनिता पुटपुटली.

"बॅगा थेट गेल्या, म्हणजे याच घरात. वनिताताई, बरणीच्या झाकणाखाली प्लॅस्टिक तुम्ही लावलं होतं?"

"मी? मी कधीच नाही लावत. ते तर..."

गार्गीनं आईकडे पाहिलं. सुधाकरपंतांनी आपला दुसरा संशयही मुकाट्यानं चहाबरोबर गिळला.

"सवय हो," नीलांबरी नीताबाईंना हळूच म्हणाली. "नथ काढतानाही बरणी नीट लावल्याशिवाय राहवलं नाही तुम्हाला."

नीताबाई उठल्या. देवघरातल्या कुंकवाच्या करंड्यातून नथ घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवली.

"हरवेल म्हणून काढली. तुम्ही आलात की देऊन हसणार होते. पण फोन आला तेव्हा यशोधन म्हणाला, तक्रार केली. मग जीभच उचलेना. सून म्हणेल, सासू चोर."

"आणि ती बाई चोर ठरली ते चाललं?" वनिता रडत म्हणाली. मग तिनंच मान खाली घातली. "ठरवलं मात्र मी."

"आई, मेल करू आपण," यशोधन घाईनं म्हणाला. "नथ सापडली एवढंच लिहू. कुणी घेतली ते कशाला?"

"फोन लाव," नीताबाई म्हणाल्या. "तिचं नाव सांगताना तुम्ही अडखळला नाहीत. आता माझं सांग."

यशोधननं मोबाइल वनिताकडे सरकवला. वनितानं डोळे पुसले आणि हॉटेलचा नंबर फिरवला. ला पाझला अजून शनिवारची संध्याकाळ होती. पलीकडून कुणी तरी स्पॅनिशमध्ये 'ओला' म्हणालं. वनिता काही बोलणार तेवढ्यात नीताबाईंनी मोबाइल स्वतःच्या हातात घेतला आणि आधी आपलं पूर्ण नाव सांगितलं.