रांगेबाहेरचा नमुना

सकाळी सकाळी प्रयोगशाळेत कुणीतरी तिची बाटली पळवली होती.

इथिलीन कार्बोनेट म्हणजे हट्टी प्रकरण. थंडीत बाटलीतल्या बाटलीत दगडासारखं गोठून बसतं. ओतायचं तर आधी कोमट पाण्यात ठेवून मनधरणी करावी लागते. तशी ती बाटली पाण्यात ठेवून ती ॲप्रन चढवायला गेली, आणि परत येते तर भांडं रिकामं. शोधत शोधत फ्रीजपाशी पोचली, तर एक उंच, अनोळखी तरुण अलगद दार लावत होता.

“कुणीतरी पाण्यात विसरलं होतं,” तो म्हणाला. “मी नीट आत ठेवली.”

चेहऱ्यावर उपकार केल्याचं केवढं समाधान! तिनं बाटली काढून त्याच्या हाती दिली आणि उपडी करायला सांगितलं. थेंबसुद्धा हलला नाही. मग आता तुम्हीच वितळवा, म्हणाली. आणि तो खरंच अर्धा तास बाटली पाण्यात फिरवत उभा राहिला… बाही कोपरापर्यंत ओली. नमुने तपासणारे काका लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर रजेवर गेले होते. त्यांच्या जागी हा आला होता.

तिचं काम तसं सांगायला सोपं. इथिलीन कार्बोनेट, मिथेनॉल आणि क्रियेला वेग देणारा चिमूटभर कॅटॅलिस्ट साठ अंशांवर तासभर ढवळायचं. पहिली दोघं आपापले भाग बदलून घेतात आणि डायमिथाइल कार्बोनेट तयार होतं – पाण्यासारखं नितळ, रंगांत नि बॅटऱ्यांत लागणारं. मग कुपीभर नमुना तपासणीच्या खोलीत द्यायचा. तिथलं यंत्र वीस मिनिटांत सांगतं, शंभरातलं किती जमलं. काका असताना आकडा सत्तर यायचा. सत्तर टिकला, तर प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम महिनाअखेरच्या शुक्रवारी ही प्रक्रिया मोठ्या रिॲक्टरवर न्यायची परवानगी देणार होत्या. साठाच्या खाली गेला, तर काम बंद. दोन वर्षांचं काम.

आणि हा आल्यापासून आकडा बावन्न. पन्नास. एकावन्न.

ती रोज त्याच्या खोलीतल्या स्टुलावर बसून निकालाची वाट पाहायची. ती वीस मिनिटं मात्र कशी जायची, कळायचं नाही. तिचं अक्षर मुंग्यांच्या वरातीसारखं आहे, असं तो म्हणाला. त्याचे शर्ट नक्की आजोबांचे असणार, असं ती म्हणाली. कुपी देताना बोटाला बोट लागायचं… आणि दोघंही घाईघाईनं यंत्राकडे बघायचे. मग कागद बाहेर यायचा, आणि तिचा जीव पुन्हा टांगणीला लागायचा.

घरी आई म्हणाली, “माणूस गोड आणि हात कच्चा, असंही असतं गं.”

तेच तिला नको होतं. म्हणून गुरुवारी ती काकांच्या आणि त्याच्या, दोन्ही महिन्यांचे कागद घेऊन बसली – त्याची चूक सापडू नये असं मनात म्हणत, पण शोधत. कागदांवर वेळ छापलेली असते. काकांच्या कागदांवर तिचा नमुना दुपारी दोन-अडीचला लागलेला. याच्याकडे सकाळी अकरा पाच. अकरा सात. अकरा चार. रोज. नोंदवहीत तिच्या आधी दहा-बारा जणांची नावं असूनही.

कागद त्याच्यासमोर ठेवून तिनं विचारलं, “माझा नमुना रोज पहिला कसा?”

तो कुपीचं झाकण उगाच पिळत राहिला.

“रांगेत लावला, तर दुपार होते,” अखेर तो म्हणाला. “मग तुम्ही थांबत नाही. आधी लावला, तर वीस मिनिटं… इथे बसता.”

कान गरम झाले तिचे. पण त्याच क्षणी डोक्यात लख्ख उजेड पडला. नमुना काढला की त्यात आम्लाचा थेंब टाकून कॅटॅलिस्ट मारायचा असतो, म्हणजे रिॲक्शन तिथेच थांबते, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही शिकवतात. तिनं तो कधी टाकलाच नव्हता. काकांच्या रांगेत तीन तास पडल्या पडल्या कुपीतली रिॲक्शन चालूच राहायची – तो सत्तर कुपीचा होता, फ्लास्कचा नव्हता. हात कच्चा होता, तो तिचा.

“तुमच्यामुळे माझे आकडे पडले,” ती हळूच म्हणाली. “आणि तुमच्यामुळेच खरे निघाले.”

तिनं तडक मॅडमना सगळं सांगितलं, स्वतःची चूक आधी. मॅडमनी कागद चाळले. मग म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत वेळ आहे, सत्तर खरंच येतो हे पटवून दे.

शुक्रवारी तिनं तासाभरानंतर आच बंद केली आणि फ्लास्क नुसता राहू दिला. दर अर्ध्या तासानं नमुना, दर नमुन्यात आम्लाचा थेंब. त्यानं मॅडमच्या परवानगीनं यंत्र सकाळपासून तिच्यासाठी मोकळं ठेवलं. त्रेपन्न. एकोणसाठ. चौसष्ट… तीन तासांनी एकाहत्तर. जास्तीची आच नको, फक्त सवड हवी. मॅडमनी परवानगीच्या कागदावर सही केली आणि चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

सोमवारी काका येणार होते. हा दुसऱ्या इमारतीत जाणार होता. त्याच संध्याकाळी जिन्यात तो तेच सांगायला लागला – आता नमुन्याचं निमित्त राहणार नाही, तर…

“उद्या सुट्टी आहे. निमित्ताशिवाय ये,” ती म्हणाली आणि घराचा पत्ता सांगितला. “आई चहा देईल, आणि प्रश्न विचारील. कालच्यासारखी खरी उत्तरं दे.”

“पहिला प्रश्न काय असेल?”

“हिच्यात एवढं काय पाहिलंस?” ती एक पायरी खाली उतरून थांबली. “तयारी करून ये.”

“तयारी झालीये,” तो म्हणाला. “महिनाभर तीच करत होतो.”