हर्शेलने सुचवलेलं गाणं

पटत नसेल तर सोडून द्या, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. जिच्याबाबत हे घडलं ती व्हर्ना स्टिडम आमची शेजारीण. अमेरिकेतल्या पूर्व टेनेसीत, धरणाच्या तळ्याला लागून आमची घरं आहेत. गेल्या नोव्हेंबरातला रविवार होता. रात्र नव्हे, भर दुपार.

व्हर्ना थकली होती. दिवसभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुवायच्या, घरी आलं की अंथरुणाला खिळलेली सासू, ओपल. नवरा हर्शेल वसंतात गेला. धड रडायलाही तिला सवड मिळाली नव्हती.

ओपलचं एकच मागणं होतं.

"ते गाणं लाव गं. आमचं गाव धरणात गेलं त्याचं. हर्शेल म्हणायचा ते."

"आई, नाव तरी आठवतंय का?"

"नाव त्याला ठाऊक."

डॉक्टरांनी आशा सोडली होती. म्हातारीने ते गाणं ऐकून डोळे मिटावेत, एवढंच व्हर्नाच्या मनात होतं. पण रेकॉर्ड कोणाची, तिला पत्ता नव्हता.

जुन्या कंट्री गाण्यांच्या वेड्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. हर्शेल तिथेच पडीक असायचा. तो म्हणायचा, "या लोकांना काही विचारू नये. चुकीचं सांगावं. दुरुस्त करायला कसे धावत येतात बघ."

म्हणून व्हर्नाने 'तळ्याकाठची' या नावाने लिहिलं, "धरणात गेलेल्या गावाचं ते गाणं. त्यातली फिडल काय झकास आहे."

कपात कॉफी ओतून होते न होते तोच उत्तर आलं...

"फिडल कुठली, बये? मँडोलिन आहे ती. कान धुऊन ये, व्हर्ना."

खाली गाण्याची लिंक.

तिने ते दोनदा वाचलं. तिथे तिचं खरं नाव कोणालाच माहीत नव्हतं. आणि तिला 'बये' म्हणणारा माणूस एकच होता.

पाठवणाऱ्याच्या नावाची जागा... कोरी होती.

भीती वाटली. पण भीतीपेक्षा थकवा मोठा होता. तिने फोन ओपलच्या उशाशी ठेवला आणि गाणं लावलं.

एकटा गायक, एक मँडोलिन. ओपलने डोळे मिटले.

दुसरं कडवं सुरू झालं, आणि...

आणखी एक आवाज लागला. जाडसर. तालाच्या किंचित मागे.

फोनमधून नव्हे. स्वयंपाकघरातून.

व्हर्नाने वळून पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

"आला बघ," ओपल पुटपुटली. "उशिराच, नेहमीसारखा."

गाणं संपलं तेव्हा तिचा श्वास थांबला होता.

अंत्यविधी उरकल्यावर व्हर्नाने ग्रुप चालवणाऱ्या क्लेटनला फोन केला, आपण हर्शेलची बायको, 'तळ्याकाठची' ती आपणच, असं सांगितलं आणि विचारलं, ते उत्तर कोणाचं?

"कुठलं उत्तर, वहिनी? तुमच्या पोस्टखाली कोणी काहीच लिहिलेलं नाही. मीच शोधतोय ते गाणं. अजून सापडत नाहीये."

तिने ग्रुप उघडला. उत्तर जागच्या जागी होतं. त्याखाली एक नवीन...

"आता हे तुझ्यासाठी, बये."

आणि दुसऱ्या एका गाण्याची लिंक.

त्या ग्रुपात रीत आहे. कोणी खास तुमच्यासाठी म्हणून गाणं सुचवलं, की ते शेवटपर्यंत ऐकायचं आणि कसं वाटलं ते कळवायचं. न ऐकणं हा अपमान. हर्शेल तर त्यावरून जेवणसुद्धा सोडायचा.

व्हर्नाने ते गाणं अजून लावलेलं नाही. पुसूनही टाकलेलं नाही.

काल कुंपणापाशी भेटली, तेव्हा मी विचारलं, "भीती नाही वाटत गं?"

"सकाळी वाटते," ती म्हणाली. "संध्याकाळी कामावरून आले ना, की वाटतं... ऐकून टाकावं एकदाचं."

हल्ली संध्याकाळ झाली की मी घरातला टीव्ही बंद करते आणि तिच्या घराकडे कान लावून बसते. अजून तरी तिकडे शांतता आहे.